खोडरबर नसलेली भाषा

लिहिणाऱ्या माणसाला एक मोठी सवलत असते. त्याला खोडता येते. पहिला खर्डा फाडता येतो, दुसरा सुधारता येतो, पुस्तक छापून बाजारात गेले तरी दुसऱ्या आवृत्तीची आशा असते. वर्तमानपत्राला तर दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यात चार ओळींची चौकट टाकून मोकळे होता येते. बँकेत एवढी चैन नव्हती. तिथे खोडरबराला बंदीच. चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. चूकही वाचता आली पाहिजे आणि ती कोणी सुधारली तेही कळले पाहिजे. पण सुधारता तरी येत असे.

जिथे हेही चालत नाही अशा एका लिखाणाबद्दल आज सांगायचे आहे. ते रोज हजारो माणसे लिहितात, त्यांत आपल्या मराठवाड्यातली पोरेपोरीही आहेत, आणि त्याचा शेवटचा वाचक माणूस नसतो. ते लिखाण सिलिकॉनच्या पातळ चकतीवर उमटते, नखाएवढ्या तुकड्यांत कापले जाते आणि मग आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये, भिंतीवरच्या वीजमीटरमध्ये, स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीत, एटीएमच्या यंत्रात जाऊन बसते. एकदा उमटले की त्यातला एक स्वल्पविरामही हलवता येत नाही. हलवायचा तर नवी चिप करायची, पुन्हा काही महिने थांबायचे आणि पुन्हा कोट्यवधी रुपये मोजायचे.

चिप म्हणजे कोणीतरी मोठ्या कागदावर सर्किटच्या रेघा काढत बसतो, असे अजून पुष्कळांना वाटते. एके काळी खरेच तसे होते. इंटेलने १९७१ मध्ये ४००४ नावाची चिप आणली, तिच्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. तेवढे माणूस हाताने काढू शकतो. आपल्याकडे बायका अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात, त्याच चिकाटीने. १९९३ च्या पेंटियममध्ये ही संख्या ३१ लाखांवर गेली. आजच्या मोठ्या चिपमध्ये ती अब्जांत मोजतात. अब्जावधी ठिपक्यांची रांगोळी कोण काढणार आणि कधी पुरी करणार? तेव्हा काढणे मागे पडले आणि सांगणे सुरू झाले. इथे दोन आकड्यांची बेरीज होईल, ती या खणात राहील, ठोका पडला की पुढच्या खणात जाईल, असे शब्दांत लिहायचे आणि त्या शब्दांवरून रेघा काढायचे काम संगणकावर सोपवायचे.

यासाठी ज्या भाषा घडल्या त्यांना हार्डवेअर वर्णनाच्या भाषा म्हणतात. त्यांत पत्र लिहिता येत नाही. पगारपत्रक करायला घेतले तर द्राविडी प्राणायाम. एका धंद्यापुरत्या त्या बोली आहेत. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून बैलाचा भाव ठरवतात ना, तशा. त्या बोटांना दुसरे काही बोलता येत नाही, पण भाव मात्र ती चोख सांगतात.

या बोलींत दोन थोर. पहिली व्हीएचडीएल. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची एक अडचण होती. लढाऊ विमान तीस-तीस वर्षे वापरात राहते, त्यातली चिप मात्र पाच-सात वर्षांत बाजारातून नाहीशी होते. चिप नक्की काय करत होती याचे वर्णन ज्या त्या पुरवठादाराच्या आपल्या पद्धतीच्या कागदांत अडकलेले. म्हणून १९८० च्या दशकात त्यांनी सर्वांना एकच वर्णनाची भाषा ठरवून घेतली आणि १९८७ मध्ये ती रीतसर मानक झाली. तिची ठेवण एडा या भाषेवरून घेतलेली आहे. सगळे स्पष्ट, सगळे पाल्हाळाचे, निजामी दफ्तरातल्या अर्जासारखे.

दुसरी व्हेरिलॉग, आटोपशीर. तिचा जन्म १९८३ च्या अखेरीस आणि १९८४ च्या सुरुवातीस, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये एका लहानशा कंपनीत झाला. भाषा घडवणारे प्रमुख फिल मूरबी, आणि कंपनी उभी करणारे आपले प्रभू गोयल, कानपूरच्या आयआयटीतून शिकून गेलेले. १९८९ मध्ये केडन्स या कंपनीने ती कंपनी विकत घेतली, पुढच्या वर्षी भाषा सर्वांना खुली केली आणि १९९५ मध्ये तीही मानक झाली. नावाची मौज पाहा. 'व्हेरिफिकेशन' आणि 'लॉजिक' या दोन शब्दांचा सांधा म्हणजे व्हेरिलॉग. चिप घडवण्याआधी ती संगणकावर चालवून पाहावी, हा तिचा मूळ हेतू. तिच्यावरून थेट सर्किट काढून घेण्याची सोय नंतरची. म्हणजे पडताळणी आधी, घडण मागाहून.

माझी एक भाची हैदराबादला याच कामात आहे. परभणीची मुलगी, नाकावर चष्मा, बोलण्यात अजून 'करायलेत' आणि 'बसायलेत'. दिवाळीत आली तेव्हा मी विचारले, "नेमके काय करायलीस गं तू तिथे? आम्हाला कळेल असे सांग."

ती म्हणाली, "मामा, समजा तुमच्या एका हातात दुधाचा तांब्या आहे, दुसऱ्यात ताकाचा. दूध त्या तांब्यात न्या आणि ताक या तांब्यात आणा."

मी काही बोलायच्या आत आतून तिची आई म्हणाली, "तिसरे भांडे लागंल की."

"तेच. साध्या प्रोग्रॅममध्ये तिसरे भांडे लागते, कारण तिथे एक ओळ झाली की दुसरी. आमच्याकडे लागत नाही. ठोका पडला की दूध आणि ताक एकाच क्षणी जागा बदलतात."

हा या भाषांचा गाभा. नेहमीचा प्रोग्रॅम म्हणजे पाककृती. आधी फोडणी, मग कांदा, मग डाळ. हार्डवेअरची भाषा म्हणजे लग्नघर. आचारी, वाजंत्री, भटजी, मांडववाला, रुसलेले व्याही, सगळे आपापल्या जागी एकाच वेळी चाललेले; कोणी कोणासाठी थांबत नाही. पण 'सावधान' कानावर आले की सगळ्यांच्या अक्षता एकदम पडतात. चिपमध्ये असा 'सावधान' सेकंदाला कोट्यवधी वेळा होतो. त्याला क्लॉक म्हणतात. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्रत्येक सर्किट आपले काम उरकते आणि ठोक्याला सगळ्यांची उत्तरे एकदम पुढे सरकतात.

आता यात चूक कशी होते तेही तिनेच सांगितले. व्हेरिलॉगमध्ये 'याचे मूल्य त्याला द्या' हे लिहायला दोन चिन्हे आहेत. एकाचा अर्थ 'आत्ता, लगेच'. दुसऱ्याचा अर्थ 'ठोका पडला की, सगळ्यांबरोबर'. तांब्यांच्या अदलाबदलीत पहिले चिन्ह वापरले तर आधी ताक दुधाच्या तांब्यात जाते आणि मग तेच ताक परत येते. दोन्ही तांब्यांत ताक. दूध गेले. लिखाणात फरक एका टिंबाएवढा, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला तो सहज निसटतो.

"मग तू दिवसभर असले लिहीत असतेस?"

"मी लिहीत नाही मामा. मी दुसऱ्याचे तपासते."

इथे माझे कान टवकारले. हे आमचे खाते. बँकेत लिहिणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, हा पहिला धडा. व्हाउचर कारकुनाने उतरवायचे, अधिकाऱ्याने टिचकी मारायची. संगणक येण्यापूर्वीच्या काळात बचत खात्यांच्या वह्यांची जुळणी हे एक घनघोर प्रकरण असे. हजारभर खात्यांतल्या शिलकांची बेरीज एकीकडे, आणि वेगळ्या माणसाने वेगळ्या वहीत ठेवलेला एकूण आकडा दुसरीकडे. दोन्ही जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर रात्री दहापर्यंत दिवे चालू. जुने हेडकॅशिअर पहिल्यांदा फरकाला ९ ने भागून पाहत. भाग गेला तर बहुधा आकड्यांची उलटापालट. कोणीतरी ५४७० चे ५७४० केलेले असते. फरक २७०, आणि २७० ला ९ ने पूर्ण भाग जातो. मग हजार खाती चाळायची गरज नाही, उलटापालट होऊ शकेल अशीच शोधायची. चूक पकडण्याचीही एक विद्या असते ती अशी.

पण सगळ्यात वाईट चूक म्हणजे जिथे फरक शून्य येतो. एका खात्यात शंभर जास्त आणि दुसऱ्यात शंभर कमी. बेरीज चोख, घरी जायला सगळे मोकळे, आणि हिशेब मात्र दोन ठिकाणी चुकलेला. एकाच माणसाने दोन्ही वह्या लिहिल्या की हे हमखास घडते, कारण एका वहीतला गैरसमज तो दुसऱ्या वहीतही इमानाने उतरवतो. चिपच्या धंद्यातली मंडळी याच भीतीने रचना करणारे आणि तपासणारे वेगळे ठेवतात. तपासणाऱ्याने रचना पाहून तपासायचे नसते. मूळ करारनामा वाचून आपली स्वतंत्र प्रतिकृती लिहायची, दोघांना एकच आकडे द्यायचे आणि उत्तरे ताडून पाहायची. या धंद्यात रचनेपेक्षा पडताळणीला जास्त माणसे आणि जास्त दिवस लागतात असे सांगतात, त्याचे आपल्याला आश्चर्य वाटायला नको.

मग सगळे आकडे देऊन एकदाचे पाहून का टाकत नाहीत? मीही हेच विचारले. उत्तर ऐकून गप्प बसलो. ३२ अंकी द्विमान पद्धतीतल्या दोन संख्यांची बेरीज करणारे साधे सर्किट घ्या. दोन संख्यांच्या जोड्या होतात २ चा ६४ वा घात. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासणारे यंत्र लावले तरी ५८० हून अधिक वर्षे लागतात. म्हणजे बिदरला बहामनी सुलतानांच्या काळात सुरुवात केली असती तर ही एक बेरीज आत्ता कुठे तपासून होत आली असती. आणि चिप म्हणजे काही एक बेरीज नव्हे.

सगळे तपासता येत नाही आणि थोडे तपासून भागत नाही, या पेचात १९९४ साली इंटेलसारखी मातब्बर कंपनी सापडली. व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. ते जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. संगणकाची उत्तरे त्यांना जमेनात. त्यांनी महिनोन्महिने आपलाच प्रोग्रॅम, आपलेच यंत्र उलटेपालटे केले आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये जाहीर केले की दोष पेंटियमच्या भागाकारात आहे. पुढे एक सोपे उदाहरण प्रसिद्ध झाले. घरच्या गणकयंत्रावर करून पाहा. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा. उत्तर १.३३३८२ यायला हवे. ती चिप १.३३३७३ सांगे. भागाकारासाठी चिपमध्ये एक कोष्टक होते, पाढ्यांच्या तक्त्यासारखे. त्यातल्या पाच घरांत आकडा भरायचा राहून गेला होता. पाच घरे! ती क्वचितच वापरली जात, म्हणून चाचण्यांतून निसटली. कंपनीने आधी सांगितले की सामान्य माणसाला याचा त्रास नाही, ज्यांना खरी गरज असेल त्यांना बदलून देऊ. तो अरेरावीचा सूर लोकांना आवडला नाही. अखेर डिसेंबरात मागेल त्याला चिप बदलून देण्याची वेळ आली, आणि खर्च दाखवावा लागला ४७ कोटी ५० लाख डॉलरचा. त्या वेळच्या दराने सुमारे १५०० कोटी रुपये. मोकळ्या राहिलेल्या पाच घरांचे भाडे म्हणा ना.

या तडाख्यानंतर पडताळणीकडे पाहायची नजर बदलली. तपासण्याच्या वेगळ्या भाषाच निघाल्या. इस्रायलच्या योआव होलँडर यांनी केलेली 'ई' नावाची भाषा पुढे आली. व्हेरा नावाची आणखी एक आली. आणि २००५ मध्ये मानक झालेल्या सिस्टमव्हेरिलॉगने लिहिणे आणि तपासणे एकाच छपराखाली आणले. या भाषांत एकेक चाचणी हाताने लिहीत नाहीत. मर्यादा सांगतात. 'रक्कम शून्यापेक्षा मोठी, खाते चालू, तारीख सुट्टीची नको', असे म्हटल्यावर यंत्र वाटेल तशी पण शक्य कोटीतली लाखो व्हाउचरे पाडत राहते. माणूस चाचणी लिहितो तेव्हा स्वतःला सुचतील त्याच अडचणी लिहितो. यंत्राला भीडमुर्वत नसते. ते रक्कम ९९,९९९ ची आणि वेळ रात्री बाराला एक सेकंद कमी असली भलती जोडी लावून मोकळे होते, आणि चूक तिथेच दडलेली सापडते. सोबत कोणकोणते कोपरे झाडून झाले त्याची यादी ठेवतात. आमच्याकडे तपासणीला येणारे इन्स्पेक्टर साहेब कोणती वही पाहिली त्यावर हिरव्या शाईची खूण करीत, तशी. यादीतला एकही कोपरा कोरा राहिला तर चिप कारखान्यात जात नाही. निदान जाऊ नये.

दुसरी रीत मला अधिक भावली. तिच्यात उदाहरणे देतच नाहीत. नियम लिहितात, आणि तो कधीच मोडणार नाही हे गणिताने सिद्ध करतात. परभणी जंक्शनवर हे समजून घेणे सोपे आहे. मनमाड-सिकंदराबाद मार्ग आणि त्याला परळीकडून येऊन मिळणारा फाटा. दोन गाड्यांना एकाच रुळावर येण्याची परवानगी एकाच वेळी मिळता कामा नये, आणि सांधा पूर्ण बसून कुलूपबंद झाल्याखेरीज सिग्नल उतरता कामा नये. जुन्या केबिनमध्ये हे नियम लोखंडात कोरलेले असत. एक खटका ओढला की दुसऱ्या खटक्याला खिट्टी बसे, स्टेशनमास्तरने मनात आणले तरी तो हलत नसे. चिपच्या भाषेत तेच वाक्य लिहितात. 'हे दोन सिग्नल एकाच वेळी हिरवे, असे कधीही होणार नाही.' 'मागणी आली की चार ठोक्यांच्या आत उत्तर येईलच.' असे वाक्य लिहिले की संगणक सर्व शक्य अवस्था हिशेबात धरून एक तर 'सिद्ध' म्हणतो, नाही तर नियम कसा मोडेल तो नेमका मार्ग काढून हातात देतो. 'कधीही नाही' आणि 'कधी ना कधी नक्की', ही काळाची व्याकरणे तर्कशास्त्रात आणल्याबद्दल आमिर प्नुएली यांना १९९६ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, आणि ती यंत्राकडून तपासून घेण्याची रीत काढल्याबद्दल २००७ मध्ये क्लार्क, एमर्सन आणि सिफाकिस या तिघांना.

हे पंडितांचे खेळ वाटत असतील तर बालासोर आठवा. २ जून २०२३. ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनावर कोरोमंडल एक्सप्रेसला सरळ मार्गाचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा मात्र लूप लाइनकडे. तिथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसे गेली. नियम चुकीचा नव्हता, तो शंभर वर्षांचा जुना आणि बरोबर होता. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष निघाला तो सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या बदलांचा. बदल केला आणि तो नीट तपासला गेला नाही. माझ्या मते या विषयाची सगळी गांभीर्यरेषा इथून जाते. नवे घडवताना सगळेच सावध असतात. जुन्यात जाता जाता एखादी तार हलवताना कोणी सावध नसतो.

आता आपल्या राज्यातली गोष्ट. मुंबईच्या आयआयटीत, पवईला, विद्युत अभियांत्रिकी विभागातल्या प्राध्यापक माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रोसेसर घडवला. त्याचे नाव अजित. २०१९ मध्ये त्याची बातमी आली. रचना पवईची आणि उत्पादनही देशातच, मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत, १८० नॅनोमीटरच्या तंत्राने. जगाच्या मानाने हे तंत्र जुने, पण मीटरला, यंत्राला, उपग्रहाच्या संदेशग्राहकाला ते पुरते. बातम्यांत 'पहिला स्वदेशी' या बिरुदावरून थोडी ओढाताण झाली, कारण मद्रासच्या आयआयटीचा शक्ती २०१८ मध्येच येऊन गेला होता. ही ओढाताण मला निरर्थक वाटते. पहिला कोण यापेक्षा ते कसे घडले यात गंमत आहे, आणि ती छापून आलीच नाही.

देसाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नुसती चिप केली नाही, चिप लिहिण्याची आपली साधनेही केली. त्या साधनसंचाचे नाव अहिर, आणि त्यातल्या भाषेचे नाव 'आ'. एवढेच. बाळाच्या तोंडातून निघणारा पहिला स्वर. या भाषेत माणूस कामाची रीत लिहितो, म्हणजे कोणती पायरी कोणावर अवलंबून आणि कोणत्या पायऱ्या शेजारी शेजारी चालू शकतात ते. मग साधने तिचे रूपांतर आधी एका कल्पित सर्किटात आणि शेवटी व्हीएचडीएलमध्ये करतात. अजितच्या घडणीत ही साधने वापरली गेली. परदेशी भाषेचे व्याकरण पाठ करण्याऐवजी स्वतःची भाषा घडवून तिच्यात प्रोसेसर लिहिणारी मंडळी आपल्या पवईत बसलेली आहेत, हे किती घरांत ठाऊक आहे?

शक्तीची कथाही अशीच. तो ब्लूस्पेक नावाच्या भाषेत लिहिला गेला. ती भाषा ज्यांच्या संशोधनातून आली ते एमआयटीतले प्राध्यापक अरविंद, हेही कानपूरचेच. २०२४ मध्ये ते गेले. ब्लूस्पेक बँकवाल्याला लगेच कळावी अशी आहे. तिच्यात सगळे 'नियमां'त लिहितात, आणि प्रत्येक नियम एक तर पूर्ण घडतो नाही तर अजिबात घडत नाही. एका खात्याला नावे पडले आणि दुसऱ्याला जमा झालेच नाही, असे अर्ध्यावर लटकणे तिला मंजूर नाही. कोणते नियम एकाच ठोक्याला घडले तर एकमेकांच्या पायात येतील ते भाषाच पाहते. जमाखर्चाची शिस्त सर्किटात आणली म्हणा.

थेट कारखान्यात जाण्यापूर्वी ही मंडळी पाटीवर गिरवून पाहतात. एफपीजीए नावाची एक चिप मिळते, तिच्यातले सर्किट पुन्हा पुन्हा पुसून नव्याने लिहिता येते. कारखान्यातली चिप म्हणजे शिलालेख, आणि ही पाटी. काही कामांना पाटीच बरी पडते. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तीस अँटेनांची, तिच्या नव्या आवृत्तीत आकाशातून येणारे संकेत पकडून चाळायला अशाच पाट्या बसवल्या आहेत. आपल्या शेजारी औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. हिंगोली १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती, त्यामुळे ती थोडी आमचीही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या तिच्या थोरल्या बहिणींमध्ये वेळेचा काटेकोर मेळ राखायला हीच पाटी वापरतात.

आता मुद्द्याचे. सरकारने २०२२ मध्ये 'चिप्स टू स्टार्टअप' नावाची योजना काढली, ८५ हजार अभियंते तयार करायचे म्हणून. आकडा मोठा आहे आणि हेतू चांगला आहे. पण आपल्याकडे शिकवताना भाषा शिकवतात आणि तपासणी शेवटच्या धड्यात उरकतात. प्रयोगवहीत 'उत्तर बरोबर आले' एवढे लिहिले की गुण. कोणत्या परिस्थितीत ते चुकेल, हे विद्यार्थ्याला कोणी विचारत नाही. भाची सांगते की नोकरीच्या मुलाखतीत नेमके तेच विचारतात. "आता मशीन दहा मिनिटांत पानेच्या पाने व्हेरिलॉग लिहून देतेय मामा," ती म्हणाली, "पण त्यातली कोणती ओळ दूध सांडणार ते बघायला माणूस बसवावाच लागायलाय." मला तर यात लहान गावच्या मुलांसाठी दार उघडलेले दिसते. तपासणीला मोठा कारखाना लागत नाही, हजारो कोटींची जमीन-पाणी-वीज लागत नाही. चिकाटी लागते, संशय लागतो, आणि दुसऱ्याचे लिहिलेले जसेच्या तसे न मानण्याची खोड लागते. हे तिन्ही गुण परभणीत मुबलक आहेत, हे इथे एक भाडेकरार करून पाहिलेला कोणीही सांगेल.

जुने सरकारी नोकर बदलीची धास्ती घेत म्हणायचे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' त्याला उत्तर म्हणून आम्ही 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणत छाती काढायचो. जर्मनीत ड्रेस्डेनच्या परिसरात आज चिपचे मोठमोठे कारखाने आहेत. परभणीत तसा कारखाना होईल असे मी म्हणत नाही, कादंबरीकारानेही काही मर्यादा पाळाव्यात. पण जिंतूरच्या किंवा सेलूच्या एखाद्या मुलीला हे शिकायचे असेल तर आज तिला काय लागेल, ते मी भाचीकडून लिहून घेतले आहे. एक जुना लॅपटॉप. आयकॅरस व्हेरिलॉग आणि व्हेरिलेटर, दोन्ही फुकट मिळतात. ब्लूस्पेकही २०२० पासून खुली आहे. आयआयटी खरगपूरमधून इंद्रनील सेनगुप्ता यांनी शिकवलेला व्हेरिलॉगवरचा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर आहे, तोही विनामूल्य. पाटी हवी असेल तर लहानशी काही हजार रुपयांत येते, पण पहिले सहा महिने तिच्यावाचून अडत नाही. सुरुवात दोन तांब्यांपासून करावी. एकदा एका चिन्हाने आणि एकदा दुसऱ्या चिन्हाने लिहून दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. यादीच्या तळाशी भाचीने आपल्या अक्षरात एक ओळ घातली आहे: 'स्वतःचे मैत्रिणीकडून तपासून घे, मैत्रिणीचे तू तपास.'